हवाईचा आरोग्यविमा कायदा अख्ख्या अमेरिकेला लागू करता येईल का?

दर्यावर्दी

अमेरिकेतील आरोग्यविम्यावर आपल्याकडे चर्चा निघाली की ती बहुधा दोनच टोकांना जाऊन थांबते. एका टोकाला कॅनडासारखी सरकारी व्यवस्था आणि दुसऱ्या टोकाला सर्वस्वी बाजाराच्या भरवशावर सोडलेला विमा. या दोहोंच्या मधला एक मार्ग अमेरिकेच्याच एका राज्याने १ जानेवारी १९७५ पासून चालवून दाखवला आहे, त्याविषयी हा धागा आहे.

हवाई राज्याचा ‘प्रीपेड हेल्थ केअर’ कायदा जून १९७४ मध्ये संमत झाला. आठवड्याला किमान २० तास आणि सलग चार आठवडे काम केलेल्या जवळजवळ प्रत्येक खासगी नोकरदाराला मालकाने आरोग्यविमा दिलाच पाहिजे, असे तो सांगतो. मालकाकडे हजार माणसे कामाला असोत की एकच, त्यामुळे सूट मिळत नाही. नोकरदाराकडून मजुरीच्या दीड टक्का किंवा हप्त्याची निम्मी रक्कम, यांपैकी जी कमी असेल तेवढीच घेता येते आणि उरलेला सारा भार मालकाचा असतो. सरकारी कर्मचारी, हंगामी शेतमजूर, निव्वळ कमिशनवर काम करणारे विमा आणि मालमत्तेचे एजंट अशा काही गटांना त्यातून वगळले आहे. विमा कसा हवा हेही मालकाच्या मर्जीवर सोडलेले नाही. राज्यात ज्या योजनेचे सभासद सर्वांत जास्त, तिच्या तोडीचे लाभ मिळाले पाहिजेत, असा मापदंड आहे.

परिणाम डोळ्यांत भरण्याजोगा आहे. गेल्या काही वर्षांत देशात विमा नसलेल्यांचे प्रमाण सुमारे आठ टक्के असताना हवाईत ते त्याच्या निम्म्याच्या आसपास राहिले आहे. त्याचे सगळे श्रेय या कायद्याला देता येणार नाही, कारण गरिबांसाठीची मेडिकेड योजनाही त्या राज्याने १९९४ नंतर बरीच विस्तारली. तरीही नोकरदारांपुरते पाहिले तर हा कायदा यशस्वी आहे, हे मान्य करावेच लागते.

मग प्रश्न असा की पन्नास वर्षे चाललेला हा कायदा देशभर का नेऊ नये?

माझे मत सांगण्यापूर्वी हवाईची पार्श्वभूमी थोडी सविस्तर मांडतो, कारण ती वगळून या कायद्याचे मूल्यमापन करणे मला योग्य वाटत नाही. हवाईचे अर्थकारण दीर्घकाळ ऊस आणि अननसाच्या मळ्यांवर चालले. जपान, चीन, फिलिपीन्स, पोर्तुगाल इथून मजूर आणले गेले आणि मळेवाल्यांनी त्यांच्यासाठी वस्त्या, दुकाने आणि दवाखानेही उभारले. त्यात उपकाराची भावना कमी आणि मजूर हाताशी ठेवण्याचा हिशेब अधिक होता, पण त्यामुळे ‘औषधपाणी मालकाने पाहायचे’ ही समजूत तिथे पिढ्यान्‌पिढ्या रुजली. पुढे गोदी कामगारांच्या संघटनेने मळ्यांतील मजुरांनाही संघटित केले. १९४६ चा साखर संप गाजला, आणि मालकाच्या मेहेरबानीवर असलेला दवाखाना हळूहळू करारातील हक्क झाला. विमा देणाऱ्या दोन मोठ्या संस्थाही तिथे आधीच होत्या. ना-नफा तत्त्वावरील हवाई मेडिकल सर्व्हिस असोसिएशन १९३८ पासूनची, आणि कैसर १९५८ मध्ये आलेली. कायद्याचा मसुदा ज्यांच्या अभ्यासावर उभा राहिला ते बर्कलीचे कायद्याचे प्राध्यापक श्टेफान रीझनफेल्ड यांनी १९७१ मध्ये अहवाल दिला, तेव्हा बहुसंख्य नोकरदारांकडे विमा होताच. उरलेल्यांना त्यात ओढून घेणे एवढेच काम बाकी होते.

शिवाय हे बेटांचे राज्य आहे. कॅलिफोर्नियाचा किनारा तिथून सुमारे ३८०० किलोमीटर दूर आहे. वायकीकीच्या हॉटेलमालकाला कायदा आवडला नाही म्हणून हॉटेल उचलून शेजारच्या राज्यात नेता येत नाही.

माझे मत थोडक्यात असे आहे: मालकावर सक्ती करण्याचे तत्त्व देशभर नेता येईल, पण हवाईचा दीड टक्क्याचा आणि वीस तासांचा साचा जसाच्या तसा नेता येणार नाही. जाणकारांनी आपले म्हणणे मांडावे.

हिशेबनीस

धागा उत्तम आहे. मी त्यात फक्त आकडे घालतो.

२०२४ मध्ये अमेरिकेत कंपनीमार्फत मिळणाऱ्या एकट्या माणसाच्या विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता ८,९५१ डॉलर होता, म्हणजे महिन्याला साधारण ७४६. हवाईतील हप्ता याहून काहीसा कमी असतो, पण तुलनेसाठी दोन्हीकडे हीच रक्कम धरू.

हवाईत २०२४ चे किमान वेतन ताशी १४ डॉलर होते. आठवड्याला वीस तास काम म्हणजे महिन्याला ८६.६७ तास. (कायद्यात हाच आकडा वापरला आहे, महिन्याची मजुरी किमान वेतनाच्या ८६.६७ पट असल्याशिवाय हक्क लागू होत नाही.) मजुरी झाली सुमारे १,२१३ डॉलर, तिचा दीड टक्का १८ डॉलर. मालकाने भरायचे ७२८ डॉलर, म्हणजे प्रत्येक तासामागे जवळपास ८ डॉलर ४० सेंट. चौदाच्या मजुरीवर साठ टक्के वाढ.

आता हीच माणसे मिसिसिपीत किंवा अलाबामात आहेत असे समजा. तिथे राज्याचे स्वतःचे किमान वेतन नाही, त्यामुळे २००९ पासून न बदललेले ताशी ७.२५ डॉलरचे केंद्रीय वेतन लागू होते. महिन्याची मजुरी ६२८ डॉलर, दीड टक्का ९ डॉलर ४३ सेंट. मालकाच्या वाट्याला तासामागे साडेआठ डॉलर येतात. विमा मजुरीपेक्षा महाग झाला!

प्रत्यक्षात या राज्यांतही बरेच लोक ७.२५ हून अधिक कमावतात, हे मला ठाऊक आहे. तरी बारा डॉलर धरले तरी वाढ सत्तर टक्क्यांच्या घरात जाते. असा कायदा आला तर तिथला ढाबेवाला काय करील, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही. तो सर्वांना एकोणीस तासांवर आणील.

जाता जाता एक गंमत. ‘दीड टक्का किंवा निम्मा हप्ता, जे कमी असेल ते’ यातील निम्म्या हप्त्याची वेळ येण्यासाठी पगार महिन्याला सुमारे २५ हजार डॉलर असावा लागतो. म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत ते कलम निव्वळ शोभेचे आहे. १९७४ मध्ये हप्ते किती स्वस्त असतील, याची यावरून कल्पना यावी.

मंजुळा_क

हिशेबनीस, आपले गणित बरोबर आहे, पण निष्कर्ष थोडा घाईचा वाटतो. हवाईत प्रत्यक्ष काय घडले याचा अभ्यास झालेला आहे. ब्यूकम्यूलर, डिनार्डो आणि व्हॅलेटा या तीन अर्थशास्त्रज्ञांचा शोधनिबंध २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना असे आढळले की कायद्यामुळे विमाधारकांचे प्रमाण वाढले, विशेषतः अशा नोकरदारांमध्ये ज्यांना एरवी विमा मिळण्याची शक्यता कमी होती. मजुरी घटल्याचा किंवा रोजगार बुडाल्याचा ठळक पुरावा मात्र त्यांना मिळाला नाही. वीस तासांपेक्षा कमी कामाच्या नोकऱ्या वाढल्या, हे त्यांनीही नोंदवले आहे. म्हणजे आपला ‘एकोणीस तास’ हा अंदाज खराच आहे, पण त्यामुळे सारी व्यवस्था कोसळली असे झाले नाही.

ओबामा यांच्या २०१० च्या आरोग्यविमा कायद्यात कामाच्या तासांची ही रेषा तीस तासांवर ठेवली गेली आणि सक्ती फक्त पन्नास किंवा अधिक पूर्णवेळ कर्मचारी असलेल्या मालकांवर आली. तीही विमा द्याच अशी नसून ‘द्या, नाहीतर दंड भरा’ अशी आहे, आणि तिची अंमलबजावणी २०१५ व २०१६ मध्ये दोन टप्प्यांत झाली. आठवड्याला २५ तास काम करणाऱ्या माणसाला हवाईत जो हक्क आहे तो टेक्सासमध्ये आजही नाही. त्यामुळे ‘देशभर लागू करता येईल का’ या प्रश्नाचे एक उत्तर असे की लागू केलाच आहे, फक्त पाणी घालून.

बे_एरियाकर

या धाग्यात एक महत्त्वाचा मुद्दा अजून आलेला नाही. हवाईचा कायदा एवढा चांगला आहे तर इतर राज्यांनी तो का उचलला नाही? कारण त्यांना ती मुभाच नाही.

२ सप्टेंबर १९७४ रोजी, म्हणजे हवाईचा कायदा संमत झाल्यानंतर तीन महिन्यांच्या आतच, अमेरिकेच्या काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा, ‘एरिसा’ हा कायदा झाला. तो मुळात निवृत्तिवेतनासाठी होता, पण मालकाने दिलेल्या सर्व लाभयोजना त्याच्या कक्षेत आल्या आणि त्यांच्याशी संबंधित राज्यांचे कायदे निष्प्रभ ठरतील, असे त्यात लिहिले गेले. स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्निया या कंपनीने हवाईच्या कायद्याला याच आधारावर आव्हान दिले. खालच्या न्यायालयात हवाई हरले, १९८० मध्ये अपिलात हरले आणि १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच निकाल कायम केला. कायदा संपल्यातच जमा होता. शेवटी १९८३ च्या जानेवारीत काँग्रेसने खास हवाईसाठी अपवाद केला, पण एक खुंटी मारून ठेवली: कायदा २ सप्टेंबर १९७४ ला जसा होता तसाच चालेल, त्यात महत्त्वाचा बदल केल्यास संरक्षण मिळणार नाही.

म्हणून दीड टक्का आजही दीड टक्काच आहे. हवाईतील मालकांनी कितीही तक्रार केली तरी तिथल्या विधिमंडळाला तो दोन टक्के करता येत नाही. दर्यावर्दी यांनी सांगितलेला ‘सर्वाधिक सभासदांच्या योजनेचा’ मापदंड मात्र काळाबरोबर आपोआप वर सरकत राहतो. एक बाजू गोठलेली आणि दुसरी वाढती, अशी ही विचित्र रचना आहे, आणि कोणी ती ठरवून केलेली नाही.

इतरांचे काय झाले तेही पाहा. ऑरेगॉनने १९८९ मध्ये मालकांवर सक्ती करण्याचा कायदा केला, पण एरिसातून सूट न मिळाल्याने तो कधी अमलात आला नाही. वॉशिंग्टन राज्याने १९९३ मध्ये केलेल्या कायद्यातील सक्ती १९९५ मध्ये स्वतःच रद्द केली. मेरीलँडने वॉलमार्टसारख्या बड्या मालकाला नजरेसमोर ठेवून कायदा केला, तो २००७ मध्ये अपील न्यायालयात पडला. आमच्या कॅलिफोर्नियाने २००३ मध्ये कायदा संमत केला, पण २००४ च्या नोव्हेंबरात सार्वमतात मतदारांनीच तो अगदी थोड्या फरकाने फेटाळला. सॅन फ्रान्सिस्को शहराचा नियम तेवढा टिकला, कारण तो विमा द्यायला सांगत नाही. दर तासामागे ठरावीक रक्कम कर्मचाऱ्याच्या आरोग्यावर खर्च करा, हवी तर शहराच्या योजनेत भरा, असे तो सांगतो. इथल्या काही उपाहारगृहांच्या बिलावर त्यासाठी वेगळा आकार लावलेला दिसतो. जेवणाऱ्यांपैकी अनेकांना तो कशाचा हे माहीत नसते.

दर्यावर्दी

बे_एरियाकर, आपल्या प्रतिसादाने धाग्यातील मोठी उणीव भरून निघाली. राज्याराज्यांनी अनुकरण करायचे आणि मग ते देशभर पसरायचे, ही वाट कायद्यानेच बंद असल्यामुळे हवाईचा साचा देशभर न्यायचा तर ते काँग्रेसलाच करावे लागेल.

काँग्रेसपुढे मालकावरील सक्तीचा विचार दोनदा गांभीर्याने आला. निक्सन यांनी १९७४ च्या फेब्रुवारीत मांडलेल्या योजनेत मालकाने सुरुवातीला हप्त्याचा ६५ टक्के आणि नंतर ७५ टक्के वाटा उचलावा, असे होते. आजच्या रिपब्लिकन पक्षात हे कोणी बोलले तर त्याला घराबाहेर काढतील, पण तेव्हा ती उजव्यांची योजना होती आणि कामगार संघटनांना ती अपुरी वाटली. वॉटरगेट घोटाळ्याच्या वावटळीत ती गेली. १९९३ मध्ये क्लिंटन यांच्या योजनेत मालकाचा वाटा सरासरी हप्त्याच्या ८० टक्के होता. हिशेबनीस यांचे गणित क्लिंटन यांच्या माणसांनीही केले असणार, कारण मालकाचा एकूण भार त्याच्या पगारखर्चाच्या ७.९ टक्क्यांपुढे जाणार नाही आणि कमी पगार देणाऱ्या लहान मालकांसाठी ही मर्यादा ३.५ टक्क्यांपर्यंत खाली येईल, अशी तजवीज त्यात होती. वरची तूट सरकार भरून काढणार होते.

हवाईत मर्यादा नोकरदाराच्या वाट्याला आहे आणि मालकाचा वाटा मोकाट. क्लिंटन यांनी मालकाच्या वाट्यालाही मर्यादा घातली. माझ्या मते देशभर चालू शकणारी सक्ती असलीच तर ती या दुसऱ्या प्रकारचीच असू शकते. लहान मालकांना मदत करण्यासाठी हवाईतही एक निधी होता, आठपेक्षा कमी कर्मचारी असलेल्यांसाठी, पण त्याचा वापर नगण्य झाला. मिसिसिपीत मात्र तो निधीच मुख्य खर्च होऊन बसेल.

जुनाकामगार

आपण सर्व अमेरिकेबद्दल बोलत आहात, त्यात मी आपल्याकडचा एक दाखला देतो, कारण मालकावर सक्ती असलेला देशव्यापी आरोग्यविमा भारतात हवाईच्याही आधीपासून आहे. ईएसआयचा, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचा, कायदा १९४८ चा आणि योजना १९५२ मध्ये कानपूर व दिल्लीत सुरू झाली. मी गिरणीच्या काळापासून हे कार्ड बाळगले आहे.

ईएसआयमध्ये हप्ता नावाची स्थिर रक्कमच नाही. मालकाने पगाराच्या ३.२५ टक्के आणि कामगाराने ०.७५ टक्के भरायचे, असा २०१९ च्या जुलैपासूनचा दर आहे. त्याआधी तो ४.७५ आणि १.७५ होता. दहा हजार पगार असलेल्याचे चारशे जमा होतात, वीस हजारवाल्याचे आठशे, आणि उपचार दोघांना सारखेच, तेही कुटुंबासह. त्यामुळे कमी पगाराचा माणूस कामावर ठेवणे मालकाला जड जात नाही. हिशेबनीस यांनी दाखवलेली मजुरीपेक्षा महाग विम्याची अडचण इथे उद्भवतच नाही.

पण म्हणून ईएसआयला डोक्यावर घेऊ नये. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानावर ती सहसा सक्तीची नाही. पगार २१ हजारांच्या वर गेला की माणूस बाहेर. शेतमजूर, घरकाम करणाऱ्या बाया, नाक्यावरचे मजूर यांना ती कधी शिवलीच नाही. आणि रांगा! औषध बाहेरून आणा, असे कामगार विमा रुग्णालयात ज्याने ऐकले नसेल असा कामगार मला भेटलेला नाही. टक्केवारीने गोळा होणारा पैसा पुरेसा नसेल तर त्याची किंमत रुग्ण रांगेत उभा राहून मोजतो.

मंजुळा_क

जुनाकामगार काका, आपण अगदी नेमकी गोष्ट सांगितलीत. परंतु टक्केवारीने वर्गणी घ्यायची तर ती एका सामाईक निधीत जायला हवी, आणि तसे झाल्यावर ती मालकाकडून मिळणारा विमा राहत नाही, तो कर होतो. अमेरिकेत मेडिकेअरसाठी, म्हणजे मुख्यतः वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्यासाठी, मालक आणि नोकरदार प्रत्येकी १.४५ टक्के भरतातच. मग सरळ त्याचाच विस्तार का करू नये, हा प्रश्न उभा राहतो आणि आपण पुन्हा कॅनडाच्या टोकाला येऊन पोहोचतो.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. मी न्यू जर्सीत राहते. आमच्यासारख्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या कुटुंबांत नोकरी गेली की नवी नोकरी शोधण्याची किंवा देश सोडण्याची साठ दिवसांची मुदत आणि विमा यांची काळजी एकदमच सुरू होते. ‘कोब्रा’ नावाच्या तरतुदीनुसार जुना विमा साधारणपणे अठरा महिने ठेवता येतो, पण हप्त्याच्या १०२ टक्क्यांपर्यंत रक्कम स्वतः भरावी लागते, आणि तीही उत्पन्न थांबलेले असताना. मालकावरची सक्ती कितीही कडक केली तरी ही गाठ सुटत नाही, उलट पक्की होते. हवाईलाही हे चुकले नाही. २०२० च्या एप्रिलमध्ये पर्यटन थांबले आणि तिथली बेकारी वीस टक्क्यांच्या वर गेली. आजारपणामुळे काम करता न येणाऱ्याचा विमा आणखी तीन महिने चालू ठेवण्याची जबाबदारी तो कायदा मालकावर टाकतो, पण हॉटेलच बंद झाले म्हणून घरी बसलेल्यासाठी त्यात काही नाही. त्या वेळी आधार दिला तो मेडिकेडने.

हिशेबनीस

मंजुळाताईंच्या मुद्द्याला एक जोड. हवाईचा कायदा कुटुंबाचा हप्ता भरायला मालकाला सरसकट बांधत नाही. सर्वाधिक सभासदांच्या योजनेपेक्षा कमी लाभांची, पण कायद्याला मान्य असलेली योजना निवडणाऱ्या मालकाला मात्र अवलंबितांच्या हप्त्याचा निम्मा वाटा द्यावा लागतो. देशात २०२४ चा कुटुंबाचा सरासरी हप्ता २५,५७२ डॉलर होता. एकट्याच्या हप्त्यानेच गणित बिघडते, तर हा आकडा सक्तीत धरण्याचे धाडस कोणता खासदार करील?

बे_एरियाकर

विरोध फक्त मालकांकडूनच होईल असे समजू नका. क्लिंटन यांच्या वेळी छोट्या व्यावसायिकांच्या संघटनेने जोरदार मोहीम चालवली हे खरे, पण ज्यांच्याकडे आधीच चांगला विमा होता त्या नोकरदारांनाही आपला विमा बिघडेल अशी भीती वाटली, आणि १९९४ च्या सप्टेंबरात ती योजना सभागृहात मतदानाला न येताच सोडून द्यावी लागली. हवाईत १९७४ मध्ये बहुतेकांकडे विमा होता ही गोष्ट कायद्याच्या पथ्यावर पडली. देशाच्या पातळीवर नेमकी तीच गोष्ट आड आली.

दर्यावर्दी

एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. हवाईच्या मूळ कायद्यातच असे कलम आहे की सक्तीच्या आरोग्यविम्याचा केंद्रीय कायदा अमलात आला की हा कायदा संपुष्टात येईल. १९७४ मध्ये तसा कायदा लवकरच होणार असे सर्वांना वाटत होते, त्यामुळे ते कलम स्वाभाविक होते. पुढे २०१० मध्ये ओबामा यांचा कायदा झाला तेव्हा या कलमाची चर्चा झालीच. पण हवाईला एरिसातून मिळालेली सूट अबाधित राहील, असे त्या कायद्यात स्पष्ट लिहिले गेले. त्यानंतर २०१६ च्या अखेरीस त्याच कायद्यातील लहान मालकांच्या विमाबाजाराच्या तरतुदींतूनही हवाईने सवलत मिळवली, आणि अशी सवलत मिळवणारे ते पहिले राज्य ठरले.

म्हणजे जो कायदा देशभर न्यावा असे आपण म्हणतो, त्याचे राज्य स्वतः केंद्रीय कायद्यापासून अंग राखून आहे. तीस तास आणि पन्नास कर्मचारी ही देशाची रेषा स्वीकारली तर वीस तासांचा आपला हक्क जाईल, हे तिथल्या कामगार संघटनांना पक्के माहीत आहे. उद्या काँग्रेसने नवी सक्ती आणली आणि ती हवाईपेक्षा सौम्य असली, जी ती असणारच, तर तिच्यात हवाईसाठी आणखी एक अपवाद मागायला पहिला अर्ज होनोलुलूहूनच जाईल.